पिट्सबर्गच हवं

चीकटोवागा, बफेलो
सोमवार, २९ डिसेंबर

प्रिय आत्या,
नमस्कार.

काल दुपारी क्लीव्हलंडच्या किकरने मारलेला चेंडू गोलखांबावर आपटून बाहेर पडला, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं.

हसू नकोस. मठाच्या धुलाईखोलीतल्या रेडिओवर तूही तो 'टण्' आवाज ऐकला असशील. तुला वाटलं असेल, हुकला एक चेंडू. मला तो चर्चच्या घंटेसारखा ऐकू आला. क्लीव्हलंड हरलं म्हणून पिट्सबर्ग अजून जिवंत आहे, आणि पिट्सबर्ग जिवंत आहे म्हणून मीही आहे.

हे सगळं फोनवर सांगायला हवं होतं. पण मागच्या वर्षी टचडाउनची बातमी द्यायला मी ऐन प्रार्थनेच्या वेळी मदर सुपीरियरच्या खोलीत फोन केला आणि पलीकडे कोण आहे ते न बघता जे काही ओरडलो, तेव्हापासून आपला कारभार टपालाने. असो.

कामाचं बोलतो. आपला दुसरा क्रमांक पक्का झाला. म्हणजे बाद फेरीचा पहिला सामना आपल्याच मैदानावर, सातव्या क्रमांकाशी. ती सातवी खुर्ची अजून रिकामी आहे आणि पुढच्या रविवारी तिघांतला एक तिच्यावर बसणार: मायामी, इंडियानापोलिस किंवा पिट्सबर्ग. बाबांच्या बारमध्ये सकाळपासून हीच चर्चा चालू आहे. मी मागे कोंबडीचे पंख तळतो आणि कान पुढे ठेवतो. सगळ्यांना मायामी हवंय. मूर्ख आहेत सगळे. मी शांत डोक्याने विचार केलाय तो असा.

मायामीची पोरं उन्हातली, आपल्या बर्फात गारठतील, असं लोक म्हणतात. पण थंडी वाजली की माणूस काय करतो? पळतो! ते आधीच वाऱ्यासारखे पळतात. गारठल्यावर त्यांना धरणार कोण?

इंडियानापोलिस छपराखाली खेळतं. तळ्यावरून येणारा वारा त्यांनी कधी बघितलेला नाही. म्हणूनच ते त्याला भिणार नाहीत. हा तर फारच मोठा धोका.

राहिलं पिट्सबर्ग. बचाव बरा आहे म्हणतात, पण माणसं कष्टाळू, आपल्यासारखीच. त्यांचा पिवळा रंग बर्फात छान उठून दिसतो. त्यांच्या प्रेक्षकांचे डोळे फार प्रामाणिक असतात. सगळा विचार करता पिट्सबर्गच यावं, असं माझं मत आहे.

तुझं कळव.

तुझा
कॅझ

*

बुधवार, ३१ डिसेंबर

चि. कॅझ,
आशीर्वाद.

तुला धड चालता येत नव्हतं तेव्हा मी तुला चेंडू फेकायला शिकवलं. मठात यायला निघाले त्या दिवशीसुद्धा अंगणात तुझ्याबरोबर खेळून मग गाडीत बसले. त्या शिकवणुकीचं तू हे असं मातेरं केलंस.

मायामीच्या पोरांना बर्फ माहीत आहे तो सरबतातला. हातमोजे घालून त्यांच्या हातून चेंडू सटासट निसटतो, हे आपण मागेही ऐकलंय. इंडियानापोलिसचा किकर छपराखाली राजा, पण आपल्याकडच्या वाऱ्यात त्याचा चेंडू फिरून त्याच्याच अंगावर येईल. या दोघांपैकी कोणीही आलं तर मी मेणबत्ती लावीन. आणि पिट्सबर्ग? त्यांचा तो डाव्या बाजूचा दांडगा बचावपटू, ऑक्टोबरात आपल्या तिघांना मिळून जो आवरला नाही, त्याचा तुझ्या पत्रात उल्लेखसुद्धा नाही! तो काय सुट्टीवर गेलाय? चेंडू फेकून सगळा खेळ चालवणारा त्यांचा क्वार्टरबॅक म्हातारा झालाय, हे खरं. पण म्हाताऱ्या माणसाला डिवचू नये. मी अशा अनेक जणींबरोबर राहते, मला माहीत आहे.

म्हणून एक सांगते, नीट ऐक. काय वाटतं ते मला लिही, बापाशी भांड, पंखांना सांग. पण चारचौघांत कुठल्याही संघाचं नाव घेऊन 'आम्हाला हाच हवा' असं म्हणू नकोस. प्रशिक्षक लोक टपलेले असतात. असं एखादं वाक्य मिळालं की ते मोठ्या अक्षरांत छापून खेळाडूंच्या कपाटांवर चिकटवतात, आणि पेंगत असलेला संघ खडबडून उठतो. आपल्या घरात हे शेंबड्या पोरालाही कळतं.

आता प्रेक्षकांच्या डोळ्यांबद्दल. मी इतकी वर्षं फुटबॉल ऐकते आहे. प्रेक्षकांच्या डोळ्यांमुळे कोणाचा चेंडू एक यार्डही पुढे गेल्याचं मला आठवत नाही.

नाव काय तिचं?

तुझी आत्या,
सिस्टर हेडविग

*

शुक्रवार, २ जानेवारी

प्रिय आत्या,

टेसा. टेसा हालुस्का.

ईरीच्या कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर बसायची. ईरी तुला माहीतच आहे, तिन्ही शहरांच्या मधोमध. एका बाकावर बफेलो, दुसऱ्यावर क्लीव्हलंड, तिसऱ्यावर पिट्सबर्ग. तिथे प्रेमात पडायचं तर आधी समोरच्याची टोपी बघावी लागते. मी बघितली नाही. मी मानेवरचे केस बघितले.

मी कॉलेज का सोडलं, हे तू तीनदा विचारलंस आणि मी तीन वेगवेगळी उत्तरं दिली. खरं असं आहे की एप्रिलमध्ये एकदा कँटीनमध्ये ती मला म्हणाली, "कॅझ, तू एक गोष्ट पुरती करत नाहीस. पुस्तक अर्धं, सँडविच अर्धं. बोलायला लागतोस तर वाक्यसुद्धा अर्धं टाकून दुसरंच काहीतरी सुरू करतोस." मला इतका संताप आला की मी त्याच दुपारी कॉलेज सोडलं. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की आपण तिचंच म्हणणं खरं करून दाखवलं. पण उतरलो नाही. उतरलो असतो तर ते जाणंही अर्धवट झालं असतं ना!

ती बसथांब्यापर्यंत आली होती. मी खिडकीतून विचारलं, "परत भेटशील का?" ती म्हणाली, "आमचा संघ कधी तुझ्या गावी बाद फेरी खेळायला आला, तर बघू." तिचे वडील, बर्नी हालुस्का, पिट्सबर्ग बाद फेरीत जिथे जाईल तिथे जातात. एकट्याने ओरडायला त्यांना आवडत नाही, म्हणून टेसाला बरोबर नेतात.

आत्या, एप्रिलपासून मी त्या 'बघू'वर जगतोय. आता कळलं ना मला पिट्सबर्गच का हवं? सामना कोण जिंकतं, हा पुढचा प्रश्न. आधी ती यायला हवी.

तुझा
कॅझ

ता. क. दुपारी रेडिओवर एक छोटीशी गोष्ट घडली. तू ऐकली नसशील तर फारच उत्तम.

*

सोमवार, ५ जानेवारी

कॅझ,

आशीर्वाद या वेळी राखून ठेवते आहे.

शुक्रवारी दुपारी आम्ही चादरींना इस्त्री करत होतो. रेडिओवर श्रोत्यांना विचारत होते की बाद फेरीत कोण यावं. सगळी शहाणी माणसं फोन करून 'मायामी' म्हणत होती. तेवढ्यात निवेदक म्हणाला, "आता चीकटोवागाहून कॅझ बोलतोय. बोल कॅझ, कोण हवं?"

"पिट्सबर्ग!"

"अरे, हातातलं मायामी सोडून पिट्सबर्ग? डोकं ठिकाणावर आहे ना?"

आणि मग माझ्या सख्ख्या भाच्याने, ज्याला मी दोनच दिवसांपूर्वी बजावलं होतं (पत्र तोवर पोचलं नव्हतं ही सबब मी ऐकणार नाही), साऱ्या शहराला ऐकवलं, "पिट्सबर्गला काय घाबरायचं? त्यांचा क्वार्टरबॅक खुर्चीतून उठतानासुद्धा गुडघ्यावर हात ठेवून 'आई गं' म्हणतो! त्यांची बचावफळी म्हणजे वृद्धाश्रमाची सहल! पाठवा इकडे, सूप पाजून परत पाठवतो!"

 सिस्टर ल्युक्रेशियांनी इस्त्री खाली ठेवली. त्या इथल्या सर्वांत वयस्क, ऐकू कमी येतं, पण नेमकं हेच ऐकू आलं. म्हणाल्या, "हेडविग, हा तुझाच ना गं?"

मी नाही म्हटलं. शनिवारी पाद्रीबाबांपुढे तेवढं एक जास्तीचं पाप सांगावं लागलं.

काल मायामी हरलं, इंडियानापोलिस हरलं, पिट्सबर्ग जिंकलं. तुझ्या मनासारखं झालं. आज सकाळच्या बातम्यांत सांगितलं की पिट्सबर्गच्या प्रशिक्षकाने तुझं वाक्य छापून प्रत्येक कपाटावर लावलंय. 'सूप' हा शब्द लाल अक्षरात आहे म्हणे.

आता ऐक. हवामान बघता या आठवड्यात बर्फ दाबून पडणार, आणि दरवेळसारखं स्टेडियममधला बर्फ उपसायला फावडी घेऊन या म्हणून लोकांना बोलावतील. तू जायचंस. आपल्या लोकांच्या जागा साफ करायला इतर पुष्कळ येतील. तू सगळ्यात वरच्या कोपऱ्यात जा, जिथे पाहुणे बसतात आणि जिथे वाऱ्यामुळे कोणी जायला तयार नसतं. आणि ते हालुस्का भेटले की टोपी काढून, 'तो मीच' असं म्हण. पूर्ण वाक्य. मध्ये सोडायचं नाही.

आत्या

*

गुरुवार, ८ जानेवारी

प्रिय आत्या,

बारमध्ये माझ्यावर सेलरीचा मारा होतोय. पंखांबरोबर आपण सेलरीच्या काड्या देतो ना, गिऱ्हाइकं एरवी त्यांना हात लावत नाहीत, आता खास मागून घेतात आणि मी दिसलो की फेकतात. काल एकाने आधी चीजच्या चटणीत बुडवून फेकली. मी काउंटरवरून उडी मारून त्याच्या अंगावर जाणार होतो, पण बाबांनी मागून पट्टा धरला. "याच्या जिवावर निदान सेलरी खपतेय, हाणामारी कसली करतोस?" म्हणाले. माझ्याशी ते एवढंच बोलले. आई बोलते, पण 'सूप' शब्द टाळून. त्यामुळे जेवायला काय आहे, ते कधीकधी कळत नाही.

पण आत्या, टेसाचा फोन आला!

"कॅझ, तो तूच ना?"

"कोण?"

"सूपवाला."

मी म्हटलं, "टेसा, त्याचं असं झालं की..."

"बघ, परत अर्धं वाक्य! बाबांनी तुझं वाक्य चादरीवर रंगवलंय. आईच्या चांगल्या चादरीवर. आई वेगळी भडकलीय. ती चादर घेऊन आम्ही येतोय, सगळ्यात वरच्या कोपऱ्यात. बाबा म्हणतात तो पोरगा सापडला तर त्याला याच चादरीत गुंडाळून तळ्यात फेकतो."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, बघू."

ऐकलंस? 'बघू' म्हणाली! माझ्यासाठी! मी आनंदाने नाचलो आणि तळणातला झारा पायावर पाडून घेतला.

आता खरी पंचाईत ऐक. आपण जिंकलो तर ती रडत घरी जाईल, आणि तिला रडवणारा म्हणून माझं तोंडही बघणार नाही. आपण हरलो तर सगळं गाव म्हणणार की याच्या तोंडामुळे हरलो, आणि बाबा मला पंखांच्या जागी तेलात सोडतील. मी कोणासाठी ओरडायचं? लवकर सांग. रविवारी सामना आहे. टपाल पोचणार नाही, हे लिहिता लिहिता लक्षात आलं.

फावडं काढून ठेवलंय. शनिवारी जातो.

कॅझ

*

सोमवार, १२ जानेवारी

चि. कॅझ,

मी तुला क्षमा केली आहे, कारण ते माझं कामच आहे. सिस्टर ल्युक्रेशियांनी केलेली नाही. त्यांचं वय बघता त्या घाईत असतील असं वाटलं होतं, पण नाहीत.

एक गोष्ट मात्र आम्हा सगळ्यांनाच सतावते आहे. तिसऱ्या सत्रात समालोचक म्हणाला, "वरच्या कोपऱ्यात पिट्सबर्गवाले फिरवतात त्या पिवळ्या टॉवेलांच्या गर्दीत एक भलीमोठी चादर फडफडतेय आणि तिचं एक टोक बफेलोच्या निळ्या टोपीतल्या एका पोराने धरलंय."

तो तू नव्हतास, असं मला कळव. खोटं असलं तरी चालेल.

आत्या

*

शनिवार, १७ जानेवारी

प्रिय आत्या,

तो मीच होतो.

मागच्या शनिवारी मी तो कोपरा उपसला. वारा असा की मी फावडंभर बर्फ खाली टाकायचो आणि तो मागून माझ्याच मानेत परत यायचा. सगळे म्हणाले, "अरे, ती पाहुण्यांची जागा, बसू दे त्यांना बर्फात!" मी म्हटलं, "तुम्ही तुमचं बघा." रविवारी सकाळी गेलो तर सगळं पुन्हा भरलेलं. मग फावडं आदळलं, शिव्या दिल्या (त्या लिहीत नाही), आणि परत पहिल्यापासून उपसलं. शेवटची ओळ साफ होते न होते तोच पायऱ्या चढत एक अस्वलाएवढा माणूस आला, काखेत चादरीची गुंडाळी. मागे टेसा. लाल नाक, मोठा मफलर. मला बघून तिने मफलर वर ओढला.

हालुस्का काकांनी जागा बघितली. "इथे बर्फ कसा नाही? दरवेळी आम्ही मांड्यांपर्यंत बुडून बसतो."

"मी काढला, काका."

"तू? या टोपीचा? आमच्यासाठी?" त्यांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी एक पायरी खाली गेलो. "बघ टेसा, या गावात सगळे त्या सूपवाल्यासारखे हलकट नाहीत. पोरा, नाव काय तुझं?"

मी तोंड उघडलं. खरंच सांगणार होतो, आत्या. पण तेवढ्यात वाऱ्याने चादर उलगडली, टेसाच्या हातचं टोक सुटलं आणि काका ओरडले, "धर, धर, ते टोक धर!" मी धरलं. आणि मग सोडता येईना. बफेलोचा कॅझ डोमागाला बफेलोच्या मैदानात तीन सत्रं स्वतःचंच वाक्य डोक्यावर धरून उभा होता. खालून आपली माणसं मला सेलरी फेकून मारत होती. स्टेडियममध्ये सेलरी कोणी आणली, देव जाणे. टेसा मफलरमध्ये तोंड खुपसून हसत होती. मला वाटलं, थंडीने कापतेय.

पुढचं तू ऐकलंसच. आपण पुढे होतो. मग तिसऱ्या सत्रात त्यांचा तो म्हातारा क्वार्टरबॅक, ज्याने अख्ख्या मोसमात कधी धाव घेतली नव्हती, स्वतःच चेंडू घेऊन पळत सुटला आणि आपल्या सगळ्यांना चुकवून टचडाउन करून आला. रेडिओवर एवढंच सांगितलं असेल. तिथे त्याने काय केलं, ते मी डोळ्यांनी बघितलं. त्याने गुडघ्यावर हात ठेवला, कंबर धरून हळूच उठल्याचं नाटक केलं, आणि मग हवेतल्या वाटीतून चमच्याने सूप प्याला. फुर्र करून. सगळ्या संघाला एकेक चमचा भरवला.

तिथेच आपण हरलो. घड्याळात वेळ होता, पण सगळ्यांना कळलं होतं.

शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आपली माणसं उठून चालायला लागली. मला तुझं वाक्य आठवलं. मी टोपी काढली.

"काका, ही चादर माझी आहे."

"छे! आमच्या गादीवरची आहे."

"चादर तुमची. वाक्य माझं. चीकटोवागाचा कॅझ तो मीच, मीच रेडिओवर बोललो, आणि मला पिट्सबर्ग हवं होतं कारण पिट्सबर्ग आलं तर टेसा येणार होती."

पूर्ण वाक्य, आत्या. एका दमात.

काकांनी माझ्याकडे बघितलं, चादरीकडे बघितलं, टेसाकडे बघितलं. मला वाटलं, आता गुंडाळतात. त्यांनी मला उचललं! "अरे, तुझ्यामुळे जिंकलो आम्ही! तू नसतास तर आमचा म्हातारा पळाला असता का?" गालाचा मुका घेतला आणि त्यांचा पिवळा टॉवेल माझ्या गळ्यात घातला.

माझं डोकं फिरलं. टॉवेल काढून त्यांच्या हातात कोंबला आणि ओरडलो, "मी बफेलोचा आहे! तुम्ही मला तळ्यात टाका, पण हे गळ्यात घालू नका! पुढच्या वर्षी तुम्हाला खरंच सूप पाजतो!"

 काका टेसाला म्हणाले, "तापट आहे."

टेसा म्हणाली, "आहे. पण थांबलाय बघ. त्याच्या टोपीची सगळी माणसं निघून गेली."

खरंच गेली होती. आसपास निळी टोपी माझी एकटीच. मग आम्ही तिघं बसलो आणि शेवटची शिट्टी वाजेपर्यंत सामना बघितला. जन्मात पहिल्यांदा मी काहीतरी पुरतं केलं, आणि ते नेमकं हरणं निघालं.

खाली उतरताना टेसाने विचारलं, "वीस तारखेला ईरीला वर्ग सुरू होतात. येशील? आणि आलास तर पुरतं करशील?"

मी म्हटलं, "बघू."

तिने बर्फाचा असा गोळा मारला की आपल्या संघाने तिला घ्यायला हवं. मग मी पूर्ण वाक्य बोललो. ते इथे लिहीत नाही, कारण पत्रं आधी मदर सुपीरियर वाचतात. नमस्कार, मदर. मागच्या वर्षीच्या फोनबद्दल माफ करा.

कॉलेजने परत घेतलंय. आईने बटाटा भरलेल्या पिएरोगीचा डबा भरून दिला. बाबांनी बारच्या दारावर 'इथे सूप मिळणार नाही' अशी पाटी लावली आणि ती वाचायला दुरून लोक येतायत, म्हणून थोडे विरघळलेत. "सुट्टीत आलास तर मागच्या दाराने ये," म्हणाले. त्यांच्या मानाने ही मिठीच. सिस्टर ल्युक्रेशियांना सांग, सुट्टीत येऊन मठाचा सगळा बर्फ मी उपसून देईन. शेवटच्या पायरीपर्यंत.

बस दुपारची आहे. घरात कोणी नाही, सगळे बारमध्ये. हे पत्र वाटेत टाकतो.

फोन वाजतोय. रेडिओवालेच असणार, सकाळपासून तिसऱ्यांदा. त्यांना विचारायचंय की पिट्सबर्ग उद्याही जिंकलं तर त्यापुढे त्यांनी कोणाला मागावं. डेन्व्हर की ह्यूस्टन. काकांनीही काल टेसाकरवी हेच विचारलं. आत्या, उत्तर इतकं सोपं आहे! डेन्व्हरचा तो किकर म्हणजे तर निव्वळ...

नाही.

अजून वाजतोय. वाजू दे. आता पाकीट चिकटवतो, बॅग खांद्यावर घेतो, टोपी घालतो. निळीच. आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतो.

तुझा
कॅझ